बदलायचं राहिलंय कोण?

बास्केटबॉल क्लबचे खेळाडू अध्यक्ष तात्यासाहेब घाटे स्वतः निवडत. संघ हरला, की प्रशिक्षकाला शाल-श्रीफळ देऊन निरोप देत. या वेळची शाल सबनीस सरांसाठी आली होती.

“सर, थकलात तुम्ही. आता विश्रांती घ्या.”

“थकलोय खरा,” सर म्हणाले. “पण तात्यासाहेब, इतके प्रशिक्षक बदलले तरी संघ हरतोच. मी आहे तोवर सभासद मला शिव्या घालतील. मलाही काढलंत, तर विचारतील, आता बदलायचं राहिलंय कोण?”

तात्यासाहेबांनी शाल बाजूला ठेवली. “चहा घ्या, सर.”

पुढचा सामनाही संघ हरला. तात्यासाहेबांनी चारचौघांत सरांना झापलं. सरांनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि सकाळी नेहमीसारखे सरावाला हजर झाले.