बांबूखालची दुसरी ओळ

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्यातल्या मोठ्या नदीवर अजून पूल झाला नव्हता. पण घाटावर कायदा मात्र होता, आणि तो दगडावर कोरलेला होता.

दगडाशेजारी दोन खांबांवर एक आडवा बांबू बांधलेला. नावेत चढायचं तर त्याच्याखालून जायचं. दगडावरची ओळ सांगायची: डोकं बांबूला लागलं तर तो माणूस मोठा, त्यानं भाडं द्यायचं. नाही लागलं तर ते मूल, त्याला नाव फुकट. आता असा बांबू असला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्या घाटावर मिसरूड फुटलेली पोरंही मान खाली घालून चालायची. एकजण तर स्वतःच्या वरातीतसुद्धा सवयीनं वाकला म्हणतात.

येसू नावाच्या एका पोरीचा काकाही असाच भाडं चुकवणाऱ्यांतला. येसूला आईबाप नव्हते. बापामागं राहिला होता तो नदीकाठचा एक हिरवागार पानमळा, आणि तो येसूच्या नावावर होता. त्याच मळ्यात बापानं तिला पानाच्या देठानं मातीत अक्षरं गिरवायला शिकवली होती. कुठला वेल कधी लावला, हे ती झोपेतही सांगायची.

दर बाजाराला काका तिला पलीकडे न्यायचा. बांबू आला की तिच्या खांद्यावर हात दाबून म्हणायचा, "वाक गं." खरं तर ती ताठ गेली असती तरी वर दोन बोटं जागा उरली असती. पण काकाला धोका नको असायचा.

वाकलं की येसूचे डोळे नेमके दगडाच्या पायाशी यायचे. तिथं गवतात दडलेली आणखी एक ओळ होती. उभ्यानं जाणाऱ्यांना ती कधी दिसलीच नव्हती, आणि वाकणाऱ्या पोरांना अक्षरं येत नव्हती. येसूनं एकेका फेरीला एकेक शब्द लावत ती पुरी केली: 'मुलाचा अंगठा कोणत्याही कागदावर चालणार नाही.' अर्थ नीट कळला नाही, पण ओळ पाठ झाली.

एके दिवशी काकानं तिच्यासाठी नवा परकर आणला. पायघोळ, जमिनीला टेकणारा. येसू हरखून गिरक्या घेत राहिली. मग काकानं हळूच सांगितलं, की उद्या पलीकडे कचेरीत जाऊन एका कागदावर अंगठा द्यायचा आहे. पानमळा काकाच्या नावावर झाला की पोरीला कसला घोर नाही. कचेरीच्या दारातही घाटासारखाच बांबू आहे, तिथं मात्र टाचा उचलून चालायचं. परकर लांब आहे, कुणाला दिसणार नाही.

येसूची गिरकी तिथंच थांबली. परकर लांब का, ते तिला कळलं. आणि दगडावरची ती ओळ कशासाठी, तेही कळलं.

सकाळी घाटावर काका म्हणाला, "वाक गं." येसू वाकली. ओळ जागेवरच होती. नावाड्यानं चेष्टा केली, "काय हो शेठ, ही पोर वाढतच नाही. खायला घालता ना?" काकानं नावभर माणसांसमोर हसून सांगितलं, की लहानच आहे अजून बिचारी.

तासाभरानं तीच नावभर माणसं, नावाड्यासकट, आपापल्या कामांसाठी कचेरीत दाटीवाटीनं उभी होती. न्यायाधीश म्हातारे, कानांनी अधू. त्यांनी विचारलं, मुलगी मोठी झाली का? काकानं छाती फुगवून सांगितलं, की चांगली जाणती झाली आहे. न्यायाधीशांनी बांबूकडे बोट केलं.

कचेरीत विचारल्याशिवाय मुलांनी बोलायचं नाही, हे येसूला बजावलेलं होतं. मागून काका कुजबुजला, "टाचा, टाचा." ती बांबूपाशी गेली, थांबली आणि वळली.

"काका, इथं वाकायचं की टाचा उचलायच्या?"

न्यायाधीशांनी कानाशी हात नेला. "काय म्हणालीस, बाळ? मोठ्यानं सांग."

आता तिला विचारलं होतं. येसूचा आवाज थेट अंगणापर्यंत गेला. "सकाळी घाटावर काकांनी वाकायला सांगितलं, इथं टाचा उचलायला सांगतायत. मी घाटावर लहान आणि कचेरीत मोठी, असं कसं? आणि लहान असेन, तर दगडावरच्या दुसऱ्या ओळीप्रमाणं माझा अंगठा चालत नाही."

"कुठली दुसरी ओळ?" काका उसळला. "दगडावर एकच ओळ आहे."

घेताना एक माप आणि देताना दुसरं माप वापरणारा दुकानदार एक ना एक दिवस एकाच गिऱ्हाइकापुढं दोन्ही मापं काढून बसतो. काकाचं तसंच झालं. नावाडी पुढं आला आणि सकाळचं सगळं बोलून मोकळा झाला.

पण ती ओळ कुणीच वाचलेली नव्हती, खुद्द न्यायाधीशांनीसुद्धा. मग काय, अख्खी कचेरी उठली. पुढं काठी टेकत न्यायाधीश, मागं कारकून, त्यांच्यामागं बाजार सोडून धावलेली माणसं. सगळे नावांत बसून घाटावर आले. येसूनं दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. न्यायाधीश वाकले. कारकून वाकले. पाळी आली तसा काकाही वाकला, आणि बराच वेळ वर बघेना.

"आता तू चाल," न्यायाधीश येसूला म्हणाले. "आहेस तशी."

येसू परकर घोट्यांवर धरून, टाचा टेकवून, ताठ मानेनं बांबूखालून गेली. वर दोन बोटं जागा उरली.

कागद तिथंच फाटला. पानमळा येसूचा राहिला. ती मोठी होईपर्यंत काकानं तो राखायचा, वर्षातून एकदा तिला घेऊन कचेरीत यायचं, आणि तिथं न्यायाधीशांनी मळ्याची हालहवाल आधी येसूला विचारायची, मग काकाला, असं ठरलं. दगडाभोवतालचं गवत त्याच दिवशी कापून टाकलं.

पुढच्या बाजाराला घाटावर काकाचा हात सवयीनं येसूच्या खांद्याकडे गेला. नावाडी नुसता खाकरला. काकानं हात मागं घेतला, आणि येसू ताठच नावेत चढली.

बोध: मूल लहान की मोठं, हे मोठ्यांच्या सोयीनं नव्हे तर कायद्यानं ठरतं, म्हणून तो कायदा मुलांनाही वाचता आला पाहिजे.