बिटकीच्या शेपटीची लाल चिंधी

एवढीशी होती उंदरी. तिचं नाव बिटकी.
एवढ्ढी लांब होती तिची शेपटी.

बीळ होतं छोटं. बिटकी बिळात मावायची. शेपटी मावायची नाही. शेपटी आपली दाराबाहेर.

उन्हाळ्यात बरं होतं. शेपटी वारा खायची.
पावसाळ्यात बरं होतं. शेपटी थेंब झेलायची.
पण थंडी आली की शेपटी म्हणायची, "हुडहुड, हुडहुड, हुडहुड!"

म्हणून बिटकीकडे एक लाल चिंधी होती. मऊ मऊ. थंडीत ती शेपटीला गुंडाळायची. गोल गोल, गोल गोल, अगदी टोकापर्यंत.

दिवाळी झाली. थंडी आली. गावात सगळ्यांनी गोधड्या उन्हात घातल्या. बिटकीनेही चिंधी उन्हात घातली. दारातल्या दगडावर.
आणि विसरली!

सकाळी उठून बघते तर काय? दगड आहे. चिंधी नाही.

"अगं बाई! माझी चिंधी!"
"हुडहुड, हुडहुड!" शेपटी म्हणाली.

बिटकी निघाली चिंधी शोधायला.
पुढे बिटकी तुरुतुरु, मागे शेपटी फरफर.

ओसरीवर बसली होती ठकूआत्या. ठकूआत्या गोधडी शिवत होती. सुई खुप्प, दोरा सर्र. सुई खुप्प, दोरा सर्र.

गोधडीत काय नव्हतं! जुनं लुगडं होतं. फाटकं धोतर होतं. बाळाचं झबलं होतं. आणि अगदी कोपऱ्यात होती... लाल चिंधी!

"आत्या, आत्या, ती माझी चिंधी!"
"तुझी?" आत्याने चष्मा वर केला. "दगडावर पडली होती की गं."
"पडली नव्हती! उन्हात घातली होती!"
"मला काय माहीत? मला चिंधी दिसली की मी उचलते. उचलली की शिवते. तू दगडावर बसली असतीस, तर तुलाही शिवलं असतं!"

बिटकी जरा मागे सरकली.
"आत्या, आत्या, चिंधी दे की गं.
शेपटी माझी गारठली,
हुडहुड हुडहुड हुडहुडली!"

"देईन की. पण कोपऱ्याला भोक पडेल. भोकाला ठिगळ हवं. माझ्या तर सगळ्या चिंध्या संपल्या. जा शिंपीकाकांकडे. ठिगळ आण, चिंधी ने."

पुढे बिटकी तुरुतुरु, मागे शेपटी फरफर.

शिंपीकाका दुकानात बसले होते. काखेत हात घालून बसले होते.

"काका, काका, ठिगळ द्या की हो.
आत्या चिंधी देईना,
शेपटी माझी गारठली,
हुडहुड हुडहुड हुडहुडली!"

"ठिगळं खूप आहेत गं," काका म्हणाले. "पण कापू कसं? थंडीने माझी बोटं उलली. कात्री धरली की आई गं! बोटांना लावायला खोबरेल हवं. तेल आण, ठिगळ ने."
"तेल आहे कुठे?"
"ते काय, खिडकीत. बाटलीत झोपलंय."

पुढे बिटकी तुरुतुरु, मागे शेपटी फरफर.

बिटकीने बाटली आडवी केली. तेल आलं नाही. बाटली हलवली. तेल आलं नाही. आत तेलाचा झाला होता पांढरा गोळा.

"तेला, तेला, वितळ की रे.
काका ठिगळ देईनात,
आत्या चिंधी देईना,
शेपटी माझी गारठली,
हुडहुड हुडहुड हुडहुडली!"

"कोऽऽण आऽऽहे?" तेल जाड आवाजात म्हणालं. "थंडीत माझा गोऽऽळा होतो. ऊन लागलं की मी वितळेन. ऊन आण, तेल ने."
आणि तेल परत झोपलं.

पुढे बिटकी तुरुतुरु, मागे शेपटी फरफर.

बिटकी कडब्याच्या गंजीवर चढली. अगदी वर. बघते तर ऊन कुठे? सगळं पांढरं पांढरं!

"उन्हा, उन्हा, पड की रे.
तेल काही वितळेना,
काका ठिगळ देईनात,
आत्या चिंधी देईना,
शेपटी माझी गारठली,
हुडहुड हुडहुड हुडहुडली!"

"अगं, मला जाग कधीच आली!" पांढऱ्यातून आवाज आला. "तोंडसुद्धा धुतलं. पण हे धुकं बघ. माझ्या दारातच बसलंय. मी बाहेर पडू कसं? धुकं हटव, ऊन ने."

पुढे बिटकी तुरुतुरु, मागे शेपटी फरफर.

धुकं बसलं होतं विहिरीवर. धुकं बसलं होतं शेतावर. धुकं बसलं होतं शाळेच्या घंटेवर. लठ्ठ लठ्ठ, मऊ मऊ धुकं.

"धुक्या, धुक्या, हट की रे.
ऊन काही पडेना,
तेल काही वितळेना,
काका ठिगळ देईनात,
आत्या चिंधी देईना,
शेपटी माझी गारठली,
हुडहुड हुडहुड हुडहुडली!"

"हटू कसं? मला पाय कुठे आहेत?" धुकं म्हणालं. "वारा ढकलतो, तेव्हा कुठे माझं चालणं होतं. वारा आण, धुकं ने."
"धुकं नको मला!"
"बरं बाई. वारा आण, धुकं घालव."

पुढे बिटकी तुरुतुरु, मागे शेपटी फरफर.

वारा कुठे होता? ऐका बरं.
सुईंऽऽ! सुईंऽऽ!
वारा होता केरूमामांच्या भिंतीत. भिंतीला होती मोठी फट. फटीत बसून वारा शिट्टी वाजवत होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ये की रे.
धुकं काही हटेना,
ऊन काही पडेना,
तेल काही वितळेना,
काका ठिगळ देईनात,
आत्या चिंधी देईना,
शेपटी माझी गारठली,
हुडहुड हुडहुड हुडहुडली!"

"आत्ता नाही हं!" वारा म्हणाला. "मी शिट्टी शिकतोय. सुईंऽऽ! कशी आहे? ही फट फार छान आहे. फट आहे तोवर मी इथेच. मामांना सांग, फट लिंपा. फट लिंपून घे, वारा ने."

पुढे बिटकी तुरुतुरु, मागे शेपटी फरफर.

घरात केरूमामा झोपले होते. घोंगडीत डोकं, घोंगडीत पाय. बाहेर फक्त नाक.
"केवढा गार वारा!" नाक म्हणत होतं. "कोणीतरी ती फट बुजवा रे!"

"मामा, मामा, लिंपा की हो.
वारा काही येईना,
धुकं काही हटेना,
ऊन काही पडेना,
तेल काही वितळेना,
काका ठिगळ देईनात,
आत्या चिंधी देईना,
शेपटी माझी गारठली,
हुडहुड हुडहुड हुडहुडली!"

तेवढ्यात मामी आल्या.
"तूच सांग बाई यांना! माती चाळून तयार. शेण तयार. भुसा तयार. फक्त तुझे मामा तयार नाहीत!"
"माती कालवायला पाणी लागतं," मामा घोंगडीतून म्हणाले. "पाणी किती गार आहे! हात घातला तर हात गळून पडेल."
"मागच्या वर्षी पडला होता का?"
"थोडासा पडला होता."

मामी हसल्या. बिटकीही हसली. मामा काही उठले नाहीत.
"मला कढत पाणी हवं," मामा म्हणाले. "बंबाला सांग, पेट म्हणावं. कढत पाणी आण, वारा ने."

पुढे बिटकी तुरुतुरु, मागे शेपटी फरफर.

न्हाणीजवळ होता बंब. तांब्याचा बंब. गोल गोल पोटाचा बंब. पोटात पाणी होतं. तळाशी निखारा होता. पण बंब पेटला नव्हता.

"बंबा, बंबा, पेट की रे.
मामा काही लिंपेनात,
वारा काही येईना,
धुकं काही हटेना,
ऊन काही पडेना,
तेल काही वितळेना,
काका ठिगळ देईनात,
आत्या चिंधी देईना,
शेपटी माझी गारठली,
हुडहुड हुडहुड हुडहुडली!"

"पेटू कशाने? खायला काय आहे?" बंब म्हणाला. "ढलप्या आण, पाणी ने."
"हा बघ की ओंडका! केवढा मोठा!"
"ओंडका मोठा. आणि माझं तोंड?"
बिटकीने बंबाचं तोंड बघितलं. तोंड होतं एवढंसं.
"मला बारीक बारीक ढलप्या लागतात," बंब म्हणाला.

पुढे बिटकी...
पुढे बिटकी जाणार कुठे? विचारायला कोणी उरलंच नाही!

बिटकी ओंडक्यावर बसली. तिचं नाक लाल झालं. डोळे भरून आले.

"माझ्याकडे बघू नकोस," ओंडका म्हणाला. "मी ओंडका आहे. मी हलत नाही. मी बोलत नाही."
"बोललास की!"
"चुकून बोललो."

मग बिटकीला आला राग. मोठ्ठा राग!
राग आला की उंदीर काय करतात?
कुरतडतात!

कुरतड कुरतड, कुरतड कुरतड!
"अगं अगं, गुदगुल्या होतात!" ओंडका म्हणाला.
कुरतड कुरतड, कुरतड कुरतड!
एक ढलपी उडाली. टण्‌! आणखी एक उडाली. टण्‌!
बिटकी थांबली. ढलपीकडे बघितलं. बंबाकडे बघितलं. स्वतःच्या दातांना हात लावून बघितला.
"अगं बाई! ढलप्या तर माझ्याच दातात होत्या!"

कुरतड कुरतड, कुरतड कुरतड! ढलप्यांचा झाला ढीग.
"घे रे बंबा!"

बंबाने ढलप्या खाल्ल्या. बंब पेटला. भुरभुर, भुरभुर! पाणी तापलं. खदखद, खदखद!

बंब पेटला, मग मामा उठले. घोंगडीतून हात आला. घोंगडीतून पाय आला. मामांनी माती कालवली. फट लिंपली. थाप थूप, थाप थूप!
"उगाच घाबरत होतो मी," मामा म्हणाले.
मामींनी घोंगडीची घडी घातली.

मामांनी लिंपलं, मग वारा निघाला. "गेली माझी शिट्टी!" म्हणत निघाला. हूऽऽश!

वारा आला, मग धुकं हटलं. "अरे हळू, हळू! पडेन की!" लोळत लोळत डोंगरापलीकडे गेलं.

धुकं हटलं, मग ऊन पडलं. लख्ख! विहिरीवर पडलं. शेतावर पडलं. खिडकीतल्या बाटलीवर पडलं.

ऊन पडलं, मग तेल वितळलं. "जाऽऽग आली," तेल म्हणालं. टप! टप! टप!

तेल वितळलं, मग काकांनी बोटं चोळली. कात्री उचलली. कच कच, कच कच! हिरवं हिरवं ठिगळ. त्यावर पिवळे ठिपके.
"घे बिटके. आणि सांभाळ हो. दगडावर ठेवू नकोस!"

पुढे बिटकी तुरुतुरु, मागे शेपटी फरफर.

"आत्या, आत्या, ऐक की गं!
बंब पेटला,
मामांनी लिंपलं,
वारा आला,
धुकं हटलं,
ऊन पडलं,
तेल वितळलं,
काकांनी ठिगळ दिलं.
आता माझी चिंधी दे!"

आत्याने ठिगळ घेतलं. कोपरा उसवला. टर्र! लाल चिंधी हातात घेतली. पण देते कुठे? चिंधी अशी बघितली, तशी बघितली.
"बिटके, आता तर ऊन पडलंय. तुझी शेपटी झाली गरम. मग कशाला हवी चिंधी? राहू दे की मला!"

बिटकीने कमरेवर हात ठेवले.
"आत्या! रात्री काय ऊन पडतं?"

आत्या हसली. इतकी हसली, इतकी हसली, की चष्मा घसरला.
"नाही गं बाई, पडत नाही. चुकलंच माझं. चिंधी उचलायच्या आधी विचारायला हवं होतं, कोणाची आहे म्हणून."

मग आत्याने सुईत दोरा ओवला. गोधडीच्या भोकाला ठिगळ लावलं. चिंधीची लांबोडी गुंडाळी केली. सुई खुप्प, दोरा सर्र. सुई खुप्प, दोरा सर्र. वरती नाडी घातली.
"ही घे तुझी चिंधी. आता गुंडाळायला नको. ही झाली शेपटीची टोपी!"

बिटकीने टोपी घातली. नाडी ओढली. लाल लाल शेपटी! बिटकी इकडून बघते, तिकडून बघते. शेपटी काही तिला पुरी दिसेना. गोल गोल फिरून दमली, आणि घरी गेली.

संध्याकाळ झाली. ऊन गेलं. थंडी आली. बिटकी बिळात शिरली. शेपटी राहिली दाराबाहेर.

"शेपटे, शेपटे, गारठलीस का गं?"

शेपटी काहीच म्हणाली नाही.
शेपटी झोपली होती.

शेपटी टोपीत, बिटकी बिळात, आणि गोष्ट आली तुमच्या गोधडीत.