ठेकेदाराची बुटकी गाडी

ठेकेदार रावसाहेब ढमढेऱ्यांनी आपल्या लाल स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन बदलून घेतलं. नव्या स्प्रिंगा बुटक्या आणि कडक. गाडी इतकी खाली बसली की तिच्याखालून मांजरसुद्धा जाईना! त्याच गाडीचं कौतुक सांगत ते पंचायतीत आले. देवीच्या देवळावरून तालुक्याला जाणारा रस्ता त्यांनीच बांधला होता, आणि तो नीट झाल्याची सरपंच हिराक्कांची सही हवी होती.

"लोण्यासारखा रस्ता दिलाय, अक्का. डोळे मिटून सही करा. नाहीतर वर माझी ओळख आहे!"

हिराक्कांनी हसत पेन उघडलं. "करते की! उद्या दसरा आहे. गाडी याच रस्त्यानं देवळापर्यंत आणा. पूजेचं ताट मी धरते, सहीही तिथंच करते."

रावसाहेब गडबडले. "छे छे, अक्का! पहिल्याच खड्ड्यात तिचं पोट फाटेल."

हिराक्कांनी पेन मिटलं. "रावसाहेब, आमच्या पोटुश्या लेकीसुना याच रस्त्यानं दवाखान्यात जातात."

रावसाहेबांची मान खाली गेली. रस्ता उकरून पुन्हा झाला. गाडीची पूजा दसऱ्याची पाडव्यावर गेली, पण झाली ती देवळापुढंच.