नावाडी काय म्हणतो

"...पण भन्ते, हा म्हातारा नेमका म्हणतो तरी काय?"

सुमेधने हातातलं गेमचं यंत्र भन्तेंपुढे धरलं. टेकडी चढून आल्यामुळे त्याला अजून धाप लागलेली होती. वंदन करायचंही राहून गेलं होतं.

वैनगंगेच्या काठच्या त्या लहानशा विहारात दुपारी कोणी फिरकत नसे. भन्ते ओसरीत बसून उसवलेल्या चीवराला टाके घालत होते. तरुणपणी ते अकरा वर्षं जपानातल्या एका विहारात राहिले होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हणूनच सुमेध त्यांच्याकडे आला होता. निदान घरून निघताना त्याने स्वतःला तसंच सांगितलं होतं.

भन्तेंनी सुई चीवरात खोचली, चष्मा पुसला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

नदीकाठ होता. एक होडी होती. होडीपाशी उभ्या म्हाताऱ्या नावाड्याच्या डोक्यावर जपानी अक्षरांच्या दोन ओळी उमटल्या होत्या.

"म्हणतो, पाणी चढलंय. जरा टेक. कुठून आलास?"

"आणि खाली?"

"खाली तुझी उत्तरं. वरचं, 'पलीकडे सोड'. खालचं, 'बसतो'."

"एवढंच?"

"एवढंच लिहिलंय."

ओसाकाला नोकरीला असलेल्या मावसभावाने हा गेम पाठवला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. घरात यंत्र एकच. दुपारी सुमेध खेळायचा, संध्याकाळी त्याची धाकटी बहीण उत्पला. दोघांचा खेळ वेगवेगळा साठवलेला.

सुमेध इंजिनिअर. जपानी येत नसलं तरी कुठल्या राक्षसावर आग चालते नि कुठल्यावर बर्फ, याचे तक्ते त्याने भिंतीवर लावले होते. नावाड्यापाशी तो सतरा वेळा आला होता आणि सतराही वेळा त्याने वरचंच बटण दाबलं होतं.

"उत्पला बसली होती," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्याने तिला एका बेटावर नेलं. नकाशात नसलेल्या. मी मागून बघत होतो, भन्ते. तिथे एक झाड आहे, त्याला पानांऐवजी दिवे आहेत. तिच्या पात्राने हात वर केला आणि सगळे दिवे हलले..."

"छान."

"छान काय! तिला लढता येत नाही. पहिल्या गुहेत नऊदा मेली ती. मासे धरत बसते. येईल-जाईल त्याच्याशी बोलते, कोंबड्यांशीसुद्धा! एक अक्षर वाचता येत नाही तिला. मग हे तिलाच का दिसावं?"

भन्तेंनी यंत्र खाली ठेवलं.

"एवढंच विचारायला एवढ्या उन्हात टेकडी चढलास?"

सुमेध पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला.

"...मी तिचा खेळ पुसला, भन्ते."

खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"कसा पुसलास?"

"म्हणजे?"

"दाखव ना."

सुमेधने यंत्र उचललं. "हे असं. इथे यायचं. आपल्या नावावर थांबायचं. मग हे दाबायचं. मग तो विचारतो, नक्की ना? तेव्हा 'होय' म्हणायचं."

"हे नाव कुणाचं?"

"माझं. तिचं आता..."

भन्तेंचं सुरकुतलेलं बोट बटणाकडे गेलं.

सुमेधने यंत्र असं खेचलं की ते त्याच्याच छातीवर आदळलं. "भन्ते! दोनशे बारा तास आहेत ते!"

भन्तेंनी बोट मागे घेतलं. ते रागावले नव्हते, हसलेही नव्हते.

"तिचे किती होते?"

सुमेधने यंत्र उलटं करून मांडीवर ठेवलं.

"एकशे चाळीस."

"रडली?"

"एक संध्याकाळ. जेवली नाही. आईला वाटलं, कॉलेजात काही झालं. तिला वाटतं, तिच्याच हातून चुकीचं बटण दाबलं गेलं. उलट मलाच म्हणाली, दादा, तुझं तर काही गेलं नाही ना? नीट बघून घे..."

भन्तेंनी चीवरात खोचलेली सुई काढून हातात घेतली.

"मला वाटलं, आता सोडून देईल. पण दुसऱ्याच दिवशी तिने पहिल्यापासून सुरू केलं. त्याच पहिल्या गावात, हातात साधी काठी घेऊन. आणि हसतेय, भन्ते! काल मला हाक मारून दाखवत होती, बघ दादा, ही विहिरीवरची बाई मागच्या वेळी मला भेटलीच नव्हती!"

त्याने डोळे पुसले. रडूही येत होतं आणि रागही जात नव्हता.

"तिचं सगळं मी काढून घेतलं. तरी तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्तच आहे. मला ते बघवत नाही."

"तिला सांगितलंस?"

"नाही." मग तो घाईने म्हणाला, "पण मी ठरवलंय. माझा खेळ तिला देऊन टाकतो. नव्व्याण्णव लेव्हल, सगळी हत्यारं, सगळं. फक्त शेवटचा दरवाजा उघडायचा बाकी ठेवलाय. तो तिने उघडावा. मग झालं ना? मग फिटलं ना?"

"तिने मागितला?"

"...नाही."

"मग?"

भन्तेंनी चीवर मांडीवर ओढलं, टाका घातला, दोरा दातांनी तोडला. दुसरा टाका घातला. सुमेध बसून राहिला. त्याला निघवतही नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

"ती आत्ता कुठे आहे म्हणालास?"

"घरी. म्हणजे... खेळात? पहिल्या गावात. विहिरीपाशी."

"आणि तू?"

"शेवटच्या दरवाज्यापर्यंत पोचलोय," सुमेध म्हणाला. कितीही आवरलं तरी त्याची मान थोडी ताठ झालीच.

भन्तेंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मग नीघ लवकर... ती फार पुढे गेली आहे."