सुताची जागा

"पण चाचा, दोन्हींतलं चांगलं कुठलं, एवढंच सांगा ना!"

निशिगंधानं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरचाचांनी तिसऱ्यांदा कानस उचलली आणि तंबोऱ्याच्या घोडीवरून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरून, हलकेच फिरवली.

"मला काय विचारतीस? मी सातवी नापास माणूस."

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे. तिथं चाचांचं दुकान, आणि समोरच्या घरात आवटींची ही पोरगी. आठवीच्या सुट्टीत एकदा सहज येऊन बसली ती बसलीच. चाचांनी तिला तारा चढवायला शिकवलं, सुरात लावायला शिकवलं. गंडाबिंडा काही बांधला नाही, पण गुरू म्हणाल तर तेच तिचे गुरू.

पोरगी हुशार. हुशार आहे हे तिला ठाऊकही होतं, तीच तर पंचाईत! इंजिनिअरिंगच्या दोन विद्यापीठांत एकदम नंबर लागला होता. एक लांबचं, जुनं, नाव काढलं की लोक भुवया उंचावतात असं. दुसरं तासाभरावरचं, नवं, पण मास्तर मुलांच्या मागं लागून शिकवतात म्हणे. शाखा दोन्हीकडं मेकॅनिकल. आणि मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. पाचच्या आत एक जागा पक्की केली नाही, तर दोन्ही हातच्या जाणार.

"मी तक्ता केलाय, चाचा. सव्वीस मुद्दे. प्रयोगशाळा, वसतिगृह, नोकऱ्या, सगळं. प्रत्येकाला दहापैकी मार्क."

"मग?"

"दोघांची बेरीज सारखीच आली."

चाचा खो खो हसले. इतके हसले की कानस खाली ठेवावी लागली.

"हसू नका हो!" तिचा आवाज एकदम चिरकला. "आमच्या दादाचं काय झालं माहितीय ना तुम्हाला? एक कॉलेज घेतलं आणि दोन वर्षं तोंडात एकच, तिकडं गेलो असतो तर... तिकडं गेलो असतो तर. शेवटी सोडून घरी आला. मला तसं व्हायचं नाही. मला भीती वाटते."

चाचांचं हसू थांबलं.

त्यांनी घोडी तारांखाली बसवली, तारा ताणल्या, आणि तंबोरा तिच्यापुढं आडवा ठेवला.

"जवारी लाव."

"आत्ता?"

"पाचला अवकाश हाय अजून."

तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर कोरडी वाजते. तिच्याखाली, घोडीवर, सुताचा एक धागा घालायचा आणि सरकवत न्यायचा. नेमक्या जागी आला की तीच तार खुलते, घुमायला लागते. ही जागा शोधायची म्हणजे जवारी लावायची. सगळी करामत त्या केसभर जागेची.

निशिगंधानं आपली वही काढली. या बाईसाहेबांनी गेल्या महिन्यात चाचांनी लावलेले अकरा तंबोरे गाठले होते, शाळेतल्या व्हर्निअरनं धाग्याची जागा मोजली होती आणि सरासरी काढली होती. चाचांना दाखवायची संधीच ती बघत होती.

तिनं मोजून धागा ठेवला. अगदी रेघेवर. तार छेडली.

ठक्क.

पुन्हा छेडली. पुन्हा ठक्क.

"घोडीच वाकडी असेल," ती म्हणाली.

"असेल की," चाचा म्हणाले. साठ वर्षं घोड्या घासलेला माणूस!

"मग काय करू?"

"सरकव."

तिनं वही मिटली आणि एका हातानं तार छेडत दुसऱ्या हातानं धागा ओढायला लागली. जरासा. आणखी जरासा. तार एकदम खुलली. भोपळा भरून आवाज आला.

"आलं!" ती ओरडली. आणि लगेच म्हणाली, "थांबा, आणखी चांगलं येईल."

धागा पुढं गेला. आवाज गेला.

मागं आणला. नाही. पुढं नेला. नाही. मघाची जागा काही केल्या सापडेना. कपाळावर घाम आला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तार आपली ठक्क ठक्क.

"मघाशी होतं ना, चाचा!"

"होतं."

"मग मला थांबवलं का नाही?"

"हात तुझा होता."

चाचा काडीनं दात कोरत बसले. तिला त्यांचा राग आला, दादाचा आला, तक्त्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. डोळे भरले. तिनं ते मिटून घेतले आणि नुसती तार छेडत राहिली.

छेडली... सरकवला... छेडली...

तार खुलली.

तिचा हात सवयीनं पुढं निघाला, आणि थांबला. तिनं धाग्यावरून बोटं उचलली.

आवाज घुमत राहिला. समोरच्या फळीवरच्या कोऱ्या तंबोऱ्यांच्या तारासुद्धा बारीक थरथरल्या.

"हीच जागा?" चाचांनी विचारलं.

"...हीच."

"मघाची?"

"माहीत नाही."

"याच्याहून चांगली जागा नसेल कशावरून?"

"असेलही," निशिगंधा म्हणाली. "पण ही वाजतीय."

म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यानं चमकली.

मग पदराआडून काही काढावं तसा तिनं ओढणीत गुंडाळलेला मोबाइल काढला. तक्ता उघडलासुद्धा नाही. दोनदा बोट टेकवून एक जागा पक्की केली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. तिला एवढं हलकं वाटलं की उगीचच हसू आलं.

"चाचा, लांबचं घेतलं."

"बरं केलंस."

"आणि जवळचं घेतलं असतं तर?"

"तरी बरं केलंस म्हणालो असतो."

"म्हणजे? मग महिनाभर मी डोकं कशाला फोडून घेतलं? आता झालं ना सगळं?"

चाचांनी तंबोरा उचलला, उभा केला, आणि तिच्या मांडीवर दिला.

"झालं कुठं? एकच तार लागलीय. अजून तीन राहिल्यात."