आधी उतरणारा

एकदा एक शिष्य बऱ्याच वर्षांनी आपल्या वृद्ध वस्तादाला भेटायला गेला. वस्तादाचे काम जुन्या विहिरी उपसण्याचे, गाळ काढून ढासळलेला दगड पुन्हा बांधण्याचे. शिष्याने सहा वर्षे त्याच्या हाताखाली काढली होती. पुढे गावोगावी बोअर झाल्या, विहिरींत कचरा पडू लागला, आणि शिष्याने शहराची वाट धरली. आता त्याचे बरे चालले होते, आणि बरे चालले आहे हे सांगायला माणसाला कुणीतरी जुने लागते.

"काय करतोस आता?" वस्तादाने विचारले.

"वेबसाइट चालवतो, वस्ताद. एकच विषय धरायचा. माझा विषय पाणी तापवायचा. कुठला गीझर घ्यावा, कुठला घेऊ नये, ते लिहायचं आणि दुकानाची लिंक द्यायची. वाचणाऱ्यानं तिथून घेतला की दुकान मला कमिशन देतं. घरबसल्या."

म्हाताऱ्याला लिंक कळली की नाही कोण जाणे. 'घरबसल्या' हा शब्द मात्र त्याने दोनदा स्वतःशी उच्चारला. मग म्हणाला, "वाच की थोडं."

शिष्याने आपले सर्वांत चालणारे पान काढले. 'लहान बाथरूमसाठी सर्वोत्तम गॅस गीझर. आम्ही हा गीझर तीन महिने स्वतः वापरून पाहिला.' वाचताना त्याच्या आवाजात चांगलीच ऐट आली होती.

"कुठं वापरलास तीन महिने?"

शिष्य हसला. "तसं लिहावं लागतं, वस्ताद. सगळेच लिहितात. दुकानानं दिलेली माहिती आपल्या शब्दांत मांडायची."

"जाळ गॅसचा ना? मग जळून झालेली हवा जाते कुठं?"

"जात असेल कुठंतरी," शिष्य म्हणाला. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

वस्ताद म्हणाला, "एक मागव माझ्यासाठी. लावायला तूच ये."

शिष्याला नवल वाटले. भर थंडीतही गार पाणी अंगावर घेणारा हा माणूस! पण वय कुणाला चुकले आहे, असे म्हणून त्याने गीझर मागवला आणि पाचव्या दिवशी पेटी पोचताच तोही पोचला. ज्या वस्तूविषयी त्याने दोन वर्षे लिहिले, ती त्याने त्या दिवशी प्रथमच हातात घेतली.

वस्तादाची न्हाणी घराच्या आतल्या अंगाला होती. पत्र्याचे दार, खिडकी नाही. म्हाताऱ्याने पंचा आणून शिष्याच्या हातात दिला. "या भिंतीवर लाव. आणि पहिली आंघोळ तू कर. दार आतून घट्ट लावून घे."

शिष्य पंचा घेऊन उंबऱ्यातच उभा राहिला. स्क्रू शोधताना पेटीतला घडी केलेला कागद त्याने वाचला होता.

"वस्ताद, हा बंद न्हाणीत लावायचा नसतो. विषारी वायू साठतो. माणूस आतल्या आत पडतो, त्याला कळतही नाही."

"कुणी सांगितलं?"

"पेटीतल्या कागदावर आहे."

"मग तुझ्या कागदावर का नाही?"

वस्तादाने पंचा परत घेतला आणि तिथेच भिंतीला टेकून बसला.

"विहिरीत उतरायच्या आधी आपण काय करायचो?"

"कंदील सोडायचो दोरीनं. विझला तर कुणी उतरायचं नाही."

"आणि नाही विझला तर?"

"तरी आधी तुम्ही उतरायचात. मग आम्हाला हाक द्यायचात."

"माझ्या बापानं मला एवढंच शिकवलं," वस्ताद म्हणाला. "जो 'या' म्हणतो, त्याचे पाय आधी तळाला टेकलेले हवेत. तू लिहितोस, स्वतः वापरून पाहिला. लोकांना वाटतं तू खाली उभा राहून हाक देतोयस. त्या भरवशावर ते उतरतात. आणि तू तर काठावरसुद्धा नाहीस."

शिष्याचा चेहरा उतरला, तो या बोलण्याने नव्हे. त्याला हेमांगी आठवली. महिन्यापूर्वी त्या पानाखाली या नावाने कुणीतरी विचारले होते, 'आमच्या बाथरूमला खिडकी नाही. सासूबाईंना गुडघ्यांसाठी गरम पाणी लागते. हा चालेल का?' त्याने लिहिले होते, 'नक्की चालेल. लिंक वर दिली आहे.' खाली तिचे उत्तर होते, 'धन्यवाद. आजच मागवला.'

त्याने तिथेच उभ्या उभ्या मोबाइल काढला आणि तिच्या उत्तराखाली लिहिले, 'ताई, मी चुकीचे सांगितले. तो लावू नका. लावला असेल तर आजच बंद करा, आणि हा निरोप वाचला एवढे कळवा.' गाव माहीत नव्हते, फोन नव्हता. दुकानाकडे विचारले, तर ग्राहकाची माहिती देता येत नाही असे उत्तर आले.

पुढे त्याने सगळी वेबसाइट काढून टाकली. एक पान तेवढे ठेवले. गीझरची शिफारस आणि लिंक पुसून तिथे मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना लिहिली. खालचा तिचा प्रश्न आणि आपले उत्तर मात्र तसेच राहू दिले. ती परत आली तर याच पानावर येईल, असे त्याला वाटत होते.

पावसाळा सरला, दिवाळी गेली. तो वस्तादाकडे आला की म्हातारा आधी एकच विचारी, "आलं का तिचं उत्तर?" शिष्य नकारार्थी मान हलवी. एकदा मात्र तो म्हणाला, "वस्ताद, कंदील विझलेला तरी वर यायचा. कळायचं. माझ्या हातात तर दोरीच नाही."

वस्तादाने अंगावरचे घोंगडे बाजूला करून त्याला जवळ बसायला जागा दिली. समजायचे ते शिष्याला समजले होते, आणि ते आता जन्मभर त्याच्याबरोबर राहणार होते.

'नक्की चालेल' हे दोन शब्द आपणही दिवसातून अनेकदा कुणाला तरी देतो. देण्याआधी आपले पाय कुठे आहेत, एवढे खाली पाहून घ्यावे.