राखणदाराने पडू नये

त्या राज्यात तळे वर्षातला बराच काळ गोठलेले असे, आणि नियम बारा महिने.

गोठलेल्या तळ्यावर दोन काठांचे प्राणी लाकडी चकतीचा खेळ खेळत. चकती समोरच्यांच्या दोन दगडांमधून पार गेली की दार फुटले, असे म्हणत. त्या दगडांमध्ये राखणदार उभा असे. उभा हा शब्द महत्त्वाचा, कारण पहिलाच नियम होता : राखणदाराने पडू नये.

नियम बगळ्यांनी केले होते. बगळे झोपतातही उभ्यानेच. आडवे होण्याची गरज कोणाला भासू शकते, हे त्यांच्या सभेत कोणाच्या मनातही आले नाही. नियम एकमताने झाला. त्यांचे सगळेच नियम एकमताने होत. पडणाऱ्याला काठावर नेऊन बसवत, आणि तेवढा वेळ दार उघडे राही. वारंवार पडणाऱ्याची राखणदारीच जाई.

पूर्वेच्या काठाची राखणदारी गोदाक्का नावाच्या पाणमांजरीकडे होती. पाय आखूड, पोट लांब. निसर्गाने तिला घसरण्यासाठी घडवले होते आणि नियमाने उभे केले होते. तरी तिने हे काम सोडले नाही. राखणदाराला दारामागे बर्फात एक भोक राखण्याचा हक्क होता, आणि त्या भोकातल्या मासळीवर तिची पिल्ले हिवाळा काढत.

पश्चिमेच्या कोल्ह्याने तिची अडचण ओळखली. तो चकती उचलून मारीनासा झाला; बर्फाला चिकटून सोडू लागला. शिवाय जाता जाता काळजीने विचारी, "आक्का, उभ्या आहात ना? बसू नका हो, पोटाला गार लागेल."

गोदाक्का पडली, काठावर बसली. पुन्हा पडली, पुन्हा बसली. पंच आबासाहेब बगळ्यांत सर्वांत वडील होते. त्यांनी बजावले, की आता पडलीस तर भोक बुजवले जाईल.

पुढच्याच सामन्यात आबासाहेब दाराजवळ एका पायावर उभे असताना कोल्ह्याची चकती सरपटत आली. गोदाक्काला कळायच्या आत तिचे अंग आडवे झाले होते. चकती पोटाशी थांबली.

"पडलीस," आबासाहेब म्हणाले.

गोदाक्काचे नाक त्यांच्या पायापासून वीतभर लांब होते. तिने तिकडे पाहिले.

"पडले नाही, आबासाहेब. पाया पडले."

आबासाहेबांची मान ताठ झाली. त्यांच्या चोचीच्या धाकाने कित्येक वर्षांत कोणी इतके जवळ आलेच नव्हते.

"पण मी तर एकच पाय खाली ठेवला आहे."

"म्हणून तर पुन्हा पडावं लागणार."

आबासाहेबांनी पोटाशी धरलेला दुसरा पाय हळूच खाली ठेवला.

त्या हिवाळ्यात तळ्यावर भक्तिभाव फार वाढला. पश्चिमेचा राखणदार रानडुक्कर जन्मात कोणापुढे वाकला नव्हता, तोही पाया पडू लागला. चकती जवळ आली की भक्ती दाटून येई, लांब गेली की ओसरे. कोल्ह्याने तक्रार केली. बगळ्यांची सभा बसली आणि सामन्यात पाया पडण्यास एकमताने बंदी झाली.

बंदी जाहीर करायला आबासाहेब तळ्याच्या मध्यावर निघाले. गोदाक्का आपल्या भोकाजवळ उभी राहून पाहत होती. इतक्यात वाऱ्याचा झोत आला. आधी पाय गेले, मग मान, मग प्रतिष्ठा.

कोणी हसले नाही. कोल्ह्याला त्यासाठी स्वतःची शेपटी तोंडात धरावी लागली. गोदाक्का पोटावर घसरत तिथे पोचली आणि हळूच म्हणाली, "लागलं का?"

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबासाहेब तळ्याच्या पाया पडले."

आबासाहेब लगेच उठले नाहीत. त्यांचा गाल बर्फाला टेकला होता. समोर चकती पडली होती. जन्मभर त्यांनी ती वरूनच पाहिली होती. तिच्या पलीकडे दोन दगड होते, दगडांमागे भोक, आणि भोकातून वर आलेल्या चिमुकल्या मिशा.

"इथून चकती केवढी मोठी दिसते," ते म्हणाले.

बंदी जाहीर करायची राहूनच गेली. पहिला नियमही पुढे कोणी वाचून दाखवला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात कोल्ह्याची चकती बर्फाला चिकटून आली, आणि गोदाक्का मोकळ्या अंगाने तिला आडवी गेली. कोणाच्याही पायांकडे न बघता. दगडाशेजारी, तिच्याच उंचीवर, पाय दुमडून बसलेले पंच एक डोळा मिटून चकतीची रेघ बघत होते.